माफीचा आवाज

३ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार, भावोजींना नमस्कार, तब्येतीची चौकशी, सगळं जिथल्या तिथे आहे असं समज आणि मुद्द्यावर ये. तुझ्या लेकीने केसाने माझा गळा कापला.

फोन केला असता, पण दिवसभर स्टुडिओत बोलून आले की घशाला कुलूप लावायचं ही माझी सवय तुला माहीत आहे. शिवाय तुझा आवाज ऐकला की मला रडू येईल, आणि मला आत्ता रडायचं नाहीये. दातओठ खायचे आहेत. ते कागदावर बरं जमतं.

काय झालं ते ऐक. ती परक्या भाषेतली मालिका, जिच्या नायिकेला पहिल्या भागापासून आपल्या भाषेत माझा आवाज आहे, तिचा शेवटचा हंगाम आलाय. भाजीवाला मला तोंड वर न करता ओळखतो, नुसतं 'अर्धा किलो दे' म्हटल्यावर. तर आमच्या साहेबांनी बोलावलं. खुर्ची दिली, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी वाईट आहे. म्हणाले, "बाई, ती पडद्यावर तिशीची आहे आणि तुमच्या आवाजात आता पन्नाशी ऐकू येते." नवा आवाज ठरलासुद्धा होता. कुणाचा? माईकपासून किती लांब उभं राहायचं, पडद्यावरचे ओठ हलायच्या आधी श्वास कुठे चोरायचा, हे मी जिला हाताला धरून शिकवलं, जी माझ्याच मागच्या खोलीत राहते आणि माझ्याच उशीवर डोकं ठेवून झोपते, त्या तुझ्या चिमीचा.

आणि मला काय दिलं? नायिकेची म्हातारी आई. शेवटच्या भागात येते आणि मरते.

संध्याकाळी चिमी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "माऊ, रागावलीस?" मी छान हसून "छे गं" म्हटलं. खोटं हसणं हाच माझा धंदा आहे, तिला कुठून ओळखू येणार! ती गळ्यात पडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मनात म्हटलं, थांब.

लोक म्हणतात माय मरो, मावशी उरो. उरलेली मावशी काय काय करू शकते ते आता कळेल. आधीच सांगून ठेवतेय, नंतर म्हणू नकोस.

तुझी,
पेटलेली धाकटी


११ फेब्रुवारी

धाकटे,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा चिमीची आई म्हणून, आणि मला तुझा असा संताप आला की पातेलं करपलं. मग तुझी बहीण म्हणून वाचलं.

आमच्या बालवाडीच्या भिंतीवर चेहऱ्यांचा तक्ता आहे. पोर भोकाड पसरून आलं की मी आधी त्याला योग्य चेहऱ्यावर बोट ठेवायला लावते. नाव सापडलं की निम्मं रडं तिथेच थांबतं. परवा एक वीर शेजारी बसणाऱ्या मुलीवर फुरंगटून आला, त्याने रागावर बोट ठेवलं. विचारलं, "काय केलं रे तिने?" काहीच केलं नव्हतं, तिला नवीन डबा मिळाला होता. म्हटलं, बाळा, हा राग नव्हे, हेवा. तिच्याकडे आहे ते मलाही हवं, एवढाच हेवा. तो सगळ्यांनाच वाटतो. पण तिचा डबा पायाखाली घेतलास तर तो मत्सर, आणि मग आपलं भांडण होईल.

आता तू बोट ठेव. राग तुला कुणाचा आलाय? पन्नाशी ऐकू येते म्हणणाऱ्या साहेबांचा. पण साहेबांवर ओरडायची सोय नाही, म्हणून वड्याचं तेल वांग्यावर. चिमीचा तुला हेवा वाटतोय. वाटू दे. घरी बसून हवा तेवढा वाटून घे, मलाही लिही. फक्त डबा तुडवू नकोस.

चिमी रोज फोनवर तुझंच कौतुक करते. तुझ्या पत्राबद्दल मी तिला काही बोलले नाही.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

तू उंटावरून शेळ्या हाकतेस. मोठ्या बाईला बालवाडीतल्या तक्त्यासमोर उभं करतेस! अगं, ज्या भावनांची तू चित्रं चिकटवतेस त्यांवर मी आयुष्य काढलंय. साहेब काचेपलीकडून सांगतात, "बाई, इथे चीड नको, वैताग हवा," आणि मी पुढच्या श्वासाला वैताग देते. संकोच वेगळा, लाज वेगळी आणि ओशाळणं वेगळं, हे मी डोळे मिटून करून दाखवेन. मला नावं शिकवू नकोस.

माझ्यात जे आहे तो राग नाही, हे मात्र तू बरोबर ओळखलंस. राग गरम असतो, फुंकर घातली की निवतो. माझं गार आहे. मी वेळेवर जेवते, झोपते, चिमीला डबा करून देते. गार असून हलत नाही, त्याला सूड म्हणतात. तुझ्या तक्त्यावर त्याचा चेहरा नसेल, कारण तो चेहऱ्यावर दिसत नाही.

तुझी लेक न्हाणीघरात सराव करते. दाराबाहेर मी उभी असते. वाक्य संपवताना मी शेवटचा शब्द जरा खाली सोडते ना, तेही तिने उचललंय. माझा उसासासुद्धा घेतला गं! आणि बाहेर येऊन विचारते, "माऊ, बरोबर वाटतं ना?" मी म्हणते, "अगदी."

वाटलं होतं चुकीचं काहीतरी शिकवावं. श्वास भलत्या जागी घ्यायला सांगावा म्हणजे तोंडावर आपटेल. पण कामात खोट घालायची नाही, एवढी लाज मला अजून आहे. हत्यार आहे, धार लावायला दगड सापडत नाही.

शेवटच्या भागात तिचा आणि माझा एकच प्रसंग आहे. घर सोडून गेलेली मुलगी परत येते, मरणाऱ्या आईची माफी मागते, आई माफ करते, मुलगी ढसाढसा रडते. पण आम्ही समोरासमोर नसतो. आमच्याकडे एकेकाला त्या बंद खोलीत घालतात. आधी माझी वाक्यं घेणार, मग दुसऱ्या दिवशी तिची. माझा आवाज तिच्या कानात सोडणार आणि तिने त्याला उत्तर द्यायचं.

बघू.

धाकटी


१ मार्च

धाकटे,

तू इतकी कडवट झालीस की आता गप्प बसवत नाही. चिमीने मला शपथ घातली होती, ती मोडतेय. हे कळलं तर तुझं मन निवेल, म्हणून मोडतेय.

तुझ्या साहेबांना तुला पूर्ण काढायचं होतं. नायिकाही नाही आणि आईही नाही. "त्यांना घरी बसू द्या," असं त्यांनी चिमीला सांगितलं. चिमीने आधी काम नाकारलं. मग त्यांनी दुसऱ्याच कुणा मुलीचं नाव काढलं. तेव्हा चिमी म्हणाली, मी करते, पण आईचा आवाज माऊचाच हवा. ते ऐकेनात. ही त्यांच्या खोलीबाहेर जाऊन बसायची. शेवटी हात जोडले तिने, रडली, तेव्हा कुठे ते हो म्हणाले.

तर तुझं जे काम आज आहे ते तिच्यामुळे आहे. केसाने गळा कापणारी पोर अशी असते का? आता तिला जवळ घे आणि हे प्रकरण मिटव. मी सांगितलं हे तिला कळू देऊ नकोस.

ताई


१३ मार्च

ताई,

पत्र मिळालं. सांगितलंस ते फार बरं केलंस. खूप दिवसांनी मला शांत झोप लागली.

माझ्या वाक्यांचं आज काम झालं. पहिल्याच खेपेला साहेबांनी 'ओके' म्हटलं. आमचा रेकॉर्डिंगचा बटणवाला, जो ऐकून ऐकून दगड झालाय, त्याने डोळे पुसले म्हणे. उद्या चिमीची पाळी. सकाळी तिला गरम पाणी प्यायला देईन.

तू काळजी करू नकोस. मी निवले.

धाकटी


२० मार्च

माझे शहाणे बाळ,

तुझं पत्र वाचून देवापुढे... जाऊ दे, इथे सगळे आनंदात आहोत. तुझे भावोजी म्हणाले, "बघ, तुझा तक्ता चालला." तुझ्यात कृतज्ञता जागी होणार याची मला खात्रीच होती.

एवढंच जरा चमत्कारिक वाटतं की चिमीचा फोन बरेच दिवस नाही. कामात असेल. तिला म्हणावं, आईला विसरू नये.

ताई


६ एप्रिल

ताई,

एव्हाना चिमी तुझ्याकडे पोचली असेल. कपाट रिकामं करून गेली. माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "माऊ, मला नाही जमलं गं." सुंठीवाचून खोकला गेला असं मी बाहेर सांगते. तुला खरं सांगते, सुंठ मीच दिली. आणि सांगतेय, कारण कुणालाच कळला नाही तर तो सूड कसला?

तू लिहिलंस की तिने माझ्यासाठी हात जोडले. तुला वाटलं, मी विरघळेन. ताई, तू माझ्या हातात दगड दिलास. भूमिका गेली ते मी गिळलं असतं. हेवा तर मी रोज चहासोबत घेत होते. पण माझ्या भाचीने कुणापुढे तरी रडून मला भाकरीचा तुकडा टाकायला लावावा? कीव केली तिने माझी. हेवा माणूस आपल्याहून वरच्याचा करतो, निदान बरोबरीच्याचा. कीव नेहमी खालच्याची. मी तिच्या खाली कधी गेले?

मग तीच कीव परत केली. वाक्य होतं, "माफ केलं तुला, पोरी. केव्हाच माफ केलं." एक अक्षर बदललं नाही. फक्त ते म्हणताना मी डोळ्यांसमोर पायाखाली आलेली मुंगी आणली. पाय बाजूला ठेवला, जा बाई, जग. माफ करणारा वाकतो, त्याच्या श्वासात वाकल्याचा भार असतो. माझा श्वास ताठ होता. काचेपलीकडे मोठ्या भोंग्यातून आणि संगीताबरोबर ते कुणालाच कळलं नाही, लोक रडले. पण ते कानात सोडलं आणि आपल्यालाच उद्देशून आहे असं समजून उत्तर द्यायला उभं राहिलं, की कळतं. माझीच शिष्या ती, तिचा कान मीच तयार केलाय.

बटणवाला सांगत होता. तिची सगळी वाक्यं सुरेख झाली. मग माझं वाक्य यायचं, आणि त्यानंतरचं रडणं तिला येईना. साहेब ओरडत होते, "अगं, सुटल्याचं रडणं पाहिजे! तू मेल्याहून मेल्यासारखी काय रडतेस?" पुन्हा लावायचे, पुन्हा तेच. शेवटी तिने कानावरचं काढून ठेवलं आणि बाहेर आली.

नायिका आता परत माझ्याकडे आली आहे. आई मी, मुलगीही मीच. साहेब म्हणतात, पन्नाशीचं काय ते यंत्रावर बघून घेऊ. सोमवारपासून काम सुरू. काल मी स्वतःसाठी नवी चप्पल घेतली.

जिंकलेली,
धाकटी


२९ एप्रिल

ताई,

तुझं उत्तर नाही. समजू शकते. तरी हे वाच.

चिमीचं सगळं काम पुसून माझ्या आवाजात केलं. भरभर झालं. काल शेवटचा प्रसंग आला. मी त्या खोलीत उभी राहिले, समोर पडदा, त्यावर ती नायिका गुडघ्यांवर बसलेली. "आई, चुकले मी, माफ कर." म्हटलं. उत्तम म्हटलं. आणि कानात माझाच आवाज आला. "माफ केलं तुला, पोरी. केव्हाच माफ केलं."

ताई, मी ते पुन्हा लावायला सांगितलं. मला वाटलं होतं मी कीव ठेवलीय त्यात. कीव असती तर परवडलं असतं. त्या बाईला समोरची पोर मेली काय, जगली काय, काही नव्हतं. आणि ही पोर कोण, तर जिला मी पाळण्यात झोपवलं ती. तिने ते दिवसभर ऐकलं, पुन्हा पुन्हा, कानावरचं न काढता.

मला रडणं आलं नाही. सगळी रडणी माझ्याकडे आहेत, सुटल्याचं आहे, तुटल्याचं आहे, लोकांना दाखवायचं आहे. एकही निघेना. साहेबांना म्हटलं, आईचं वाक्य मला पुन्हा म्हणू द्या, मी चुकीचं म्हटलंय. ते म्हणाले, "बाई, त्याला हात लावायचा नाही. असं माफ केलेलं मी उभ्या जन्मात ऐकलं नाही. ते संगीतात बसलंसुद्धा." तेच कानात ठेवून मला उत्तर द्यायचं आहे. आठवडा दिलाय त्यांनी.

आणि एक कळलं. ओशाळायला होतं लिहिताना, पण लिहिते. चिमी साहेबांच्या दाराबाहेर बसली ती कीव नव्हती. कीव करणारा दाराबाहेर बसत नाही गं. हात जोडत नाही. ती माझ्यासाठी खाली बसली होती, आणि मी तिला वर उभी पाहिली. माया ओळखता आली नाही मला. माझ्या धंद्यातल्या एवढ्या भावनांतली मला ही एकच ओळखायला हवी होती.

तिला पाठव. निदान हे पत्र तिला दे. तिच्यासमोर बसून मी ते वाक्य नीट म्हणेन, यंत्र नसलं तरी चालेल. आणि तूही मला माफ कर, ताई. मला खरंच पश्चात्ताप होतोय. भूमिका अडकली म्हणून नव्हे, शपथ घेऊन सांगते.

तुझी
धाकटी


४ मे

तुझी दोन्ही पत्रं मिळाली.

चिमी घरी आहे. बोलते, पण कुजबुजल्यासारखं. बालवाडीत गोष्ट सांग म्हटलं तर नको म्हणते, "माझ्या आवाजात काहीतरी वाईट आहे, माऊलासुद्धा ते आवडलं नाही." तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द नाही. "माऊने काय सुंदर म्हटलं होतं, आई. मीच कमी पडले." तू काय केलंस ते तिला अजून कळलेलं नाही. तिला वाटतं, तिने ऐकलं ते तिच्याच मनातलं.

तुझं पत्र मी तिला दिलेलं नाही. दिलं असतं तर ती पुढच्याच गाडीने निघाली असती आणि दारातच तुझ्या गळ्यात पडली असती, हे मला माहीत आहे आणि तुलाही माहीत आहे. म्हणूनच दिलं नाही. एक दिवस तिला सगळं खरं सांगेन, कारण तिला तिचा आवाज परत मिळायला हवा. पण तो दिवस मी निवडेन. तुझ्या आठवड्यात तो बसणार नाही.

परवा वर्ग सुटल्यावर तक्त्यासमोर उभी राहिले. रागावर बोट ठेवलं, बसलं नाही. राग मला तुझ्या पहिल्या पत्राने आला होता. दुःखावर ठेवलं, तेही नाही. तू म्हणाली होतीस ते खरं, त्याचा चेहरा तिथे नाही. कोरी जागा आहे एक, कोपऱ्यात. तिथे बराच वेळ बोट ठेवून उभी होते.

मी फोन उचलणार नाही. यापुढे पत्रही लिहिणार नाही, तेव्हा हे जपून ठेव. तू माझी माफी मागितलीस, आणि थोरल्या बहिणीने तोंड फिरवलं असं कुणी म्हणायला नको. कागदाला श्वास नसतो. ताठ होता की वाकलेला, हे तुझा तयार कानही सांगू शकणार नाही. हवं तितक्या वेळा वाच. तुला अख्खा जन्म पडलाय.

माफ केलं तुला, धाकटे. केव्हाच माफ केलं.

ताई